हयात माणसांचा बाक

मच्छिंद्र वाबळे यांना आपल्या गावाला सिमेंटचा एक बाक भेट द्यायचा होता. गोष्ट एवढीच होती. बाक म्हणजे काही धरण नव्हे. आणि धरण असतं तरी मच्छिंद्ररावांना ते जड गेलं नसतं, कारण चौतीस वर्षं सरकारी कारकुनी करताना त्यांनी धरणाएवढी कामं टेबलावरून सरकवली होती. ज्याच्या सहीशिवाय टाचणीचा डबा हलत नसे, त्या माणसाला एक बाक हलवायला कितीसा वेळ लागणार, असं त्यांना वाटलं. निवृत्त होऊन चारच महिने झाले होते, त्यामुळे असं वाटणं साहजिक होतं.

कल्पना मत्सरातून सुचली, हे कबूल करायला हवं. त्यांचं गाव बोरखेडी, खर्ड्याच्या अलीकडच्या फाट्यावरून आत. त्या फाट्यावर एसटीची वाट बघत ते एका बाकावर बसले होते. उठताना मागं वळून बघितलं तर पाठीवर लाल अक्षरांत रामहरीच्या वडिलांचं नाव, आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत रामहरीचं. रामहरी म्हणजे त्यांच्या वर्गातला तोच, ज्याला सातवी सुटेपर्यंत सातचा पाढा आला नाही आणि जो आता जागांचे व्यवहार करतो. बाक बसायला चांगला होता, हेच मच्छिंद्ररावांना जास्त लागलं.

नगरला घरी पोचेपर्यंत बेत पक्का झाला होता. फक्त आईवडिलांचं नाव घालून भागणार नव्हतं. ते नऊ वर्षांचे असताना आई गेली, वडील बैलगाडी घेऊन सहा-सहा महिने ऊस वाहायला कारखान्यावर असत, आणि पोरगं गल्लीत वाढलं. कुणी जेवू घातलं, कुणी झोडपलं, कुणी दोन्ही केलं. ज्यांनी ज्यांनी आपल्याला लहानाचं मोठं केलं, त्या सगळ्यांची नावं एका बाकावर लिहायची, असं त्यांनी ठरवलं.

“बाक कशाला? गावाला जाऊन चार दिवस राहून या,” त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई म्हणाल्या. सत्यशीलाबाईंचं माहेर पुणतांब्याचं. गोदाकाठच्या माणसांना कोरडवाहू माणसाच्या उत्साहाबद्दल जन्मतःच शंका असते. मच्छिंद्ररावांनी तिकडे दुर्लक्ष केलं. पुढं जे झालं ते पाहता त्यांनी तेवढं एक वाक्य ऐकलं असतं, तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

सावेडीतल्या त्यांच्या कॉलनीत बातमी पसरायला संध्याकाळ पुरली. निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितलं की, नावं बाकाच्या मागच्या बाजूला घाला, नाहीतर माणसं पूर्वजांना पाठ लावून बसतील. वरच्या मजल्यावरच्या बँकेतल्या बाई म्हणाल्या, मागं लिहिलं तर वाचणार कोण, म्हशी? तिसऱ्यानं ग्रॅनाइट सुचवलं. चौथा म्हणाला, बाकाला टेका नकोच, टेका असला की माणसं झोपतात. मच्छिंद्ररावांनी सगळ्यांचे मुद्दे वहीत टिपले. सवय होती ती. टिपलं की विचार केल्याचं समाधान मिळायचं.

खरी मजा ग्रामपंचायतीत सुरू झाली. बाक फुकट मिळतोय म्हटल्यावर हार घालतील अशी त्यांची अपेक्षा होती. ग्रामसेवकांनी अर्ज मागितला. अर्ज दिल्यावर जागेचा नकाशा मागितला. नकाशा दिल्यावर शाळेचं ना हरकत पत्र मागितलं, कारण बाकाची पाठ शाळेकडे होणार होती. मंगळवारी गेलं की शुक्रवारी या म्हणत आणि शुक्रवारी गेलं की मंगळवारी. तिसऱ्या खेपेला ते चष्मा पुसत म्हणाले, “तुमचा कागद फिरतोय. फिरून आला की बघू.” हे वाक्य मच्छिंद्ररावांचं स्वतःचं होतं. चौतीस वर्षं त्यांनी ते लोकांना ऐकवलं होतं, आणि ते समोरून ऐकायला इतकं वाईट लागतं याची त्यांना मुळीच कल्पना नव्हती.

तोवर नावांचा घोळ सुरू झाला. आईवडील सोडून मच्छिंद्ररावांची यादी चौघांची होती. चुलते राधाकृष्ण अप्पा आणि आत्या भागिरथी, हे दोघं आता हयात नव्हते. बालमित्र रंभाजी आणि शेजारच्या गोजरनानी, हे दोघं खणखणीत होते. यादी फुटली आणि गाव पारावर जमलं. अप्पांची मुलं म्हणाली, “आत्याचं नाव वर आन् अप्पांचं खाली? अप्पांनी सायकल शिकवली तुमाला!” एका म्हाताऱ्यानं दावा लावला की, मच्छिंद्र विहिरीत बुडत होता तेव्हा त्याला आपण वर काढलं. त्यावर रंभाजी उसळून म्हणाला, “काढायचं काय कवतिक? ढकलला म्या हुता! म्हनून तर पवायला शिकला!” सरपंच पंकजाताईंनी आपल्या सासऱ्यांचं नाव सुचवलं, कारण त्यांनी एका जत्रेत मच्छिंद्ररावांना रेवड्या दिल्या होत्या. दोन दिवसांत नावं सतरा झाली. आपल्याला वाढवायला एवढं मनुष्यबळ लागलं होतं आणि तरीही आपण कारकूनच झालो, असा एक खिन्न विचार मच्छिंद्ररावांच्या मनाला चाटून गेला.

शेवटी त्यांनी कठोर होऊन मूळ चारच नावं ठेवली, पण बाक दोन करायचे ठरवले. एक गेलेल्यांचा, एक हयात माणसांचा. पहिल्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ आणि दुसऱ्यावर ‘यांच्या ऋणात’. ही वाटणी सुचली तेव्हा ते स्वतःवरच इतके खूश झाले, की त्यांनी सत्यशीलाबाईंना दुपारच्या झोपेतून उठवून सांगितलं.

हयात माणसांचा बाक खरं म्हणजे गोजरनानीसाठीच होता. रंभाजी सोबतीला. मच्छिंद्ररावांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हे जन्मल्यावर जुन्या रीतीप्रमाणं त्यांना सुपात घालून शेजारणीला विकलं. मूल दुसऱ्याचं झालं की त्याच्यावरची पीडा टळते, अशी समजूत. शेजारीण म्हणजे गोजरनानी, तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची नवी सून. तिनं सूपभर कोंडा देऊन पोर विकत घेतलं आणि दुधासाठी परत आईच्या मांडीवर ठेवलं. बाकीच्यांच्या दृष्टीनं तो विधी तिथंच संपला. नानीच्या दृष्टीनं संपला नाही. आई गेल्यावर तिनं या पोराला हाताला धरून आपल्या घरात नेलं, मुलगी भारती हिच्या शेजारी ताटावर बसवलं, आणि कुणी काही विचारलं तर म्हणायची, “माजाच हाय. इकत घेतलाय.” ओढ्याला पाणी असलं की खांद्यावर बसवून पलीकडच्या शाळेत सोडायची. त्या खांद्यावर बसून मच्छिंद्ररावांनी सबंध पाचवी काढली होती.

आणि नोकरी लागल्यावर हेच मच्छिंद्रराव वर्षातून एकदा जत्रेला जायचे, नानीच्या हातात साडीची पिशवी द्यायचे आणि पाचची एसटी पकडायचे. ते त्यांना आत कुठंतरी डाचत होतं. बाक होता तो त्यासाठी.

बाक करणारा योगेश फाट्यावर खांब, टाक्या, तुळशीवृंदावनं आणि बाक असं सगळं ओतायचा. मच्छिंद्ररावांनी त्याला सुवाच्य अक्षरात दोन कागद दिले. योगेशनं ते खिशात कोंबले आणि म्हणाला, “काका, नावं कळली, बास. बाकीचं समदं साच्यातच हाय.” मच्छिंद्ररावांना वाटलं, बाकीचं म्हणजे बाकाचे पाय.

ग्रामपंचायतीतला कागद एकदाचा फिरून आला, योगेशनं दोन्ही बाक शाळेपुढं नेऊन बसवले, आणि आठ दिवसांनी रंभाजीचा फोन आला. “मच्छिंदर, लेका, म्या मेलोय. कवा येतोस?”

“काय?”

“बाकावर लिवलंय. म्या आन् गोजरनानी. यांच्या स्मरनार्थ. अक्षर मातुर झकास हाय.”

योगेशच्या साच्याच्या पत्र्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ ही अक्षरं पक्की जोडलेली होती. नावं तेवढी बदलायची. मच्छिंद्ररावांनी फोनवर आरडाओरडा केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “काका, म्या बारा वर्सं बाक वततोय. जित्या मानसाचा बाक आजवर कुनी मागितलाच न्हाई. एकाची बी तक्रार न्हाई आली.” तक्रार करणार कोण होतं?

रंभाजीला गंमत वाटली. तो रोज सकाळी स्वतःच्या नावाला टेकून तंबाखू मळत बसू लागला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, मेल्यावर गुडघ्याचं दुखणं थांबत नाही, असं सांगू लागला. पण कुणीतरी बाकाचा फोटो मोबाईलवर टाकला आणि तो फिरत फिरत मिरजगावला दिलेल्या भारतीपर्यंत पोचला. भारतीनं नुसतं आईचं नाव आणि ‘स्मरणार्थ’ एवढंच वाचलं. दुपारी जीपभर माणसं घेऊन ती वेशीपासूनच हंबरडा फोडत आली. नानी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. गल्लीत रडं ऐकल्यावर ती शेंगा टाकून उठली, डोळ्याला पदर लावला आणि रीत म्हणून आपणही गळा काढत जीपपाशी गेली. “आगं बया, कोन गेलं गं?” असं तिनं भारतीलाच विचारलं. भारती जागच्या जागी बसली. तिला पाणी मारून उठवावं लागलं, आणि मग नानीला कळलं की गेलेलं माणूस कोण.

मच्छिंद्रराव दुसऱ्या दिवशी धावत गेले. नानी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं मान वळवली नाही. बाजूला बसलेल्या रंभाजीला म्हणाली, “रंभा, त्या सायबाला सांग, मेलेल्या बाईसंगं बोलू न्हाई.”

“नानी, चूक त्या योगेशची झाली. मी कागदावर नीट लिहून दिलं होतं,” मच्छिंद्रराव म्हणाले.

“त्याला इचार, चाळीस वर्सं नगरात ऱ्हायला. मी हाय का गेली, बगाया कवा आला? आला त्यो बाक घिऊन.”

मच्छिंद्रराव उभेच राहिले. वरिष्ठांनी चारचौघांत फाईल अंगावर फेकली तेव्हाही त्यांना इतकं लाजिरवाणं झालं नव्हतं. कारण ती फाईल बरोबर होती, आणि इथं नानी बरोबर होती. आता त्यांना बाक नको होता, कौतुक नको होतं. नानीनं एकदा आपल्याकडे बघून, आपल्याशी बोलावं, एवढंच पाहिजे होतं.

पण अंगातली कारकुनी इतक्या लवकर जात नाही. चूक झाली की दुरुस्ती करावी, म्हणून त्यांनी स्वतः छिन्नी-हातोडा आणला आणि बाकापुढं उकिडवे बसले. पहिला घाव छिन्नीवर बसला, दुसरा अंगठ्यावर. शाळा नेमकी तेव्हाच सुटली. पोरांनी कडं केलं. सरपंच पंकजाताई येऊन म्हणाल्या, “वाबळे सायब, बाक आता ग्रामपंचायतीचा झाला. मोडायचा आसंल तर अर्ज करा.” अंगठ्याला फडकं गुंडाळून मच्छिंद्रराव नगरला परतले. सत्यशीलाबाईंनी हळद लावली आणि छिन्नी-हातोडा माळ्यावर टाकून दिला.

इकडे भारती आईला आठ दिवसांसाठी मिरजगावला घेऊन गेली. नेमक्या त्याच आठवड्यात निराधार पेन्शनची पडताळणी करायला तालुक्याहून एक गृहस्थ आले. गोजरनानीच्या दाराला कुलूप होतं. ते एसटीची वाट बघत शाळेपुढच्या बाकावर टेकले आणि उठताना त्यांनी मागं वळून बघितलं. माणूस कर्तव्यदक्ष असावा. त्यानं बाकाचा फोटो काढला, अहवालाला जोडला, आणि पंधरा दिवसांनी ‘लाभार्थी मयत’ असा शेरा मारलेला कागद नानीच्या दारात येऊन पडला.

त्याचा फोटो मिरजगावला पोचल्यावर भारतीनं मच्छिंद्ररावांना फोनवर जे सुनावलं ते इथं छापता येणार नाही. नानीला तालुक्याला हजर करायचं ठरलं, त्या दिवशी योगेशनं आपला टेम्पो काढला. चूक त्याचीही होती आणि ती त्याला पटली होती, निदान टेम्पोपुरती. पुढं नानी आणि भारती, मागं सिमेंटच्या दोन खांबांसोबत मच्छिंद्रराव आणि रंभाजी, असे सगळे तालुक्याच्या कचेरीत पोचले. सबंध वाटेत नानी मच्छिंद्ररावांशी बोलली नाही.

टेबलामागच्या मॅडम सौजन्यानं वागल्या. त्यांनी फाईल काढली, नानीकडे बघून नमस्कारही केला. “आजी हयात आहेत हे मला दिसतंय. पण दिसतंय असं मला लिहिता येत नाही. एका साक्षीदाराचं शपथपत्र लागेल. साक्षीदार नातेवाईक नको, त्रयस्थ पाहिजे.”

“म्या देतो साक्ष,” रंभाजी छाती काढून पुढं झाला. “रंभाजी, मुक्काम बोरखेडी.”

मॅडमनी फाईलमधला बाकाचा फोटो बघितला. मग रंभाजीकडे बघितलं. मग पुन्हा फोटोकडे. “तुमचंही नाव आहे यात.”

“हाय की. म्या बी मेलोय.”

“मग तुमची साक्ष कशी चालेल?” मॅडम म्हणाल्या. मेल्याचे तोटेही असतात, हे रंभाजीला आत्ता कळलं.

आता मच्छिंद्रराव उरले. निवृत्त सरकारी कर्मचारी, आडनाव वेगळं, राहणार नगर. यापेक्षा चांगला त्रयस्थ शोधून सापडला नसता. मॅडमनी छापील कागद पुढं केला. मच्छिंद्ररावांनी खिशातलं पेन काढलं, आणि तेवढ्यात नानी रंभाजीला म्हणाली, “रंभा, सायबाला म्हनावं, सही करन्याआधी वाचून दाव. मला बी कळू दे काय लिवलंय.”

मच्छिंद्रराव वाचू लागले. “मी शपथेवर लिहून देतो की, वरील अर्जदार या आजरोजी हयात आहेत. तसेच माझा त्यांच्याशी...” इथं ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. “माझा त्यांच्याशी कोणत्याही प्रकारचा नातेसंबंध नाही, पूर्वी नव्हता...”

पुढचं वाचवेना. कागद बरोबर होता. चौतीस वर्षांचा अनुभव सांगत होता की कागद शंभर टक्के बरोबर आहे, सही ठोका आणि मोकळे व्हा. सही केली की नानी कागदावर जिवंत होणार होती, पेन्शन सुरू होणार होती, भारतीचं तोंड बंद होणार होतं. त्यांनी नानीकडे बघितलं. ती खाली बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मच्छिंद्ररावांनी पेनाला टोपण लावलं. “मॅडम, हे खोटं आहे.”

“काय खोटं? आजी हयात नाहीत?”

“हयात आहेत. नातं आहे.”

“कोणतं?”

“मुलगा.”

मॅडमनी कागद उलटसुलट करून बघितला. “आडनाव वेगळं दिसतंय. दत्तक आहात का? काही कागदपत्र?”

“कागद नाही. सूपभर कोंडा दिला होता.”

“त्याची काही पावती?”

“समद्या गावाला ठावं हाय!” रंभाजी ओरडला.

“गाव चालत नाही हो, एक माणूस लागतो,” मॅडम खरोखरच दुःखी होऊन म्हणाल्या. “आणि हे बघा काका, मुलगा असाल तर तुमची साक्ष चालणार नाही.”

“नका चालवू,” मच्छिंद्रराव म्हणाले. नियमाविरुद्ध बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

भारतीनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात टेम्पो लावून योगेश आत आला. तो कुणाचाच कुणी नव्हता. ज्या माणसानं नानीला सिमेंटमध्ये मारलं होतं, त्याच माणसानं, ती हयात आहे आणि आपला तिच्याशी काही संबंध नाही, असं शपथेवर लिहून दिलं आणि खाली झोकात सही केली. मॅडमनी शिक्का मारला. पेन्शन पुढच्या महिन्यापासून सुरू होईल, म्हणाल्या.

रंभाजीनं आपलंही असंच एक शपथपत्र करून मागितलं. त्याला वेगळा अर्ज करायला सांगण्यात आलं, आणि तो लिहायला भारती आणि योगेश त्याच्यासोबत थांबले. मच्छिंद्रराव बाहेर पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. आपण ऐनवेळी सगळ्यांना अडचणीत आणलं, असं त्यांना वाटत होतं. मागून काठीचा आवाज आला. नानी शेजारी येऊन उभी राहिली आणि महिनाभरात पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे सरळ बघितलं.

“त्या कागदावर तू सही केली आसती ना,” ती म्हणाली, “तर त्यो बाक खरा झाला आसता.”

मग तिनं हात पुढं केला. पायऱ्या तीनच होत्या, पण मच्छिंद्ररावांना त्या उतरायला बराच वेळ लागला.